टिना बसली ती जागा

१२ सप्टेंबर

रजा पुन्हा वाढवून घेतली. बँकेतून मॅनेजर म्हणाले, "सुमनताई, निवांत या. तुमचे बाबा फार चांगले होते हो." होते? हरवलेत ते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी छत्री घेऊन घरून निघाले आणि परत आले नाहीत, एवढंच सगळ्यांना माहीत आहे. मी फोनवर काही बोलले नाही, इथे चिडून घेते.

पैनगंगा अजून फुगलेलीच. घाटावर सापडलेली चप्पल पोलिसांनी नेली. आई म्हणते ती त्यांची नव्हेच. मला त्यांचीच वाटली, सुधीरलाही. आम्ही दोघं भावंडं आईसमोर गप्प बसतो.

१४ सप्टेंबर

सुधीर हैदराबादहून अर्ज करकरून शेवटी आणतोच आहे. प्रेताचा वास ओळखणारी कुत्री. माग काढणारा साधा कुत्रा मागेच येऊन गेला. घरापासून नाल्यापर्यंत गेला आणि तिथे पाण्याकडे बघत शेपूट हलवत उभा राहिला.

आईला सांगितलं तर भांडी आपटली. "मेलेल्याले हुडकनारी कुत्री? माह्या घरी? जिता मानूस हुडकाले नाई का कोनी?" कुंकू रोजच्यापेक्षा मोठं लावलं आज. मुद्दामच.

मी सु.च्या बाजूने. जे असेल ते एकदाचं कळू दे. हे अधांतरी राहणं माझ्या स्वभावात नाही. मोबाईलवर वाचत बसले. ही कुत्री बहुतेक वेळा बरोबर असतात म्हणे. कधी चुकतात. कधी मालकाच्या मनात जे असतं तेच करून दाखवतात. म्हणजे माझ्या क्लार्क लोकांसारखंच.

१६ सप्टेंबर

काही घडलं नाही. बाबांची लोखंडी पेटी झाडली. फिनेलचा वास अजून तसाच. जनावरांच्या दवाखान्यात जन्म गेला कंपाउंडर म्हणून, डॉक्टर महिन्यातून दोनदा उगवायचा, बाकी सगळं बाबाच. शाळा सुटली की मी तिथे जाऊन बसायची. बैलगाड्या, लोळणारे बैल, हातवारे करून सांगणारे मालक. "काई नाई चारलं साहेब, नुसता कडबा." बाबा बैलाचं तोंड उघडून नाक खुपसायचे आणि म्हणायचे, "मोहाची दारू पाजली तुनं." मालक पाया पडायचा. मग मला हळूच, "जनावर खोटं नाई बोलत सुमे. मालक बोलते."

किती मोठे वाटायचे तेव्हा. शेवटी शेवटी गावी आले की शर्टाची बटणं मीच लावून द्यायची. गेल्या उन्हाळ्यात आदिलाबादला, माझ्या घरी आणून डॉक्टरकडे नेलं, तर माझी ओळख करून दिली, "ही माही दुसरी पोरगी." डॉक्टरांनी वर बघितलं. आई घाईने म्हणाली, "एकच पोरगी हाय डॉक्टरसाब, त्याईचं आता असंच हाय." बाबा ओशाळले. मला हसू आलं होतं. आज हसू येत नाही.

१८ सप्टेंबर

आली. नाव टिना. तांबूस रंगाची, कान पडलेले, डोळे असे की आपणच काही विसरलोय असं वाटावं. हँडलर श्रीनिवास, आमच्याशी हिंदी, तिच्याशी तेलुगू. ती वास सापडला की भुंकत नाही, खाली बसते. बसली म्हणजे झालं.

अख्खं गाव कुंपणावर. घर फिरली, अंगण फिरली, गोठ्यात शिरली आणि दावणीजवळच्या भिंतीपाशी बसली. सु.ने आईला मागे ओढलं. श्रीनिवासने भिंतीच्या कोनाड्यात काठी घातली, तर चिंध्यांचा गोळा. बाबांच्या पायाच्या जखमेच्या पट्ट्या! मधुमेहाची जखम, कुणाला ड्रेसिंग करू द्यायचे नाहीत, आपलं आपण करायचे आणि पट्ट्या तिथे कोंबायचे. आई ओरडत असायची त्यावरून.

आई पहिल्यांदा हसली आज. "घ्या, चिंध्या सापडल्या तुमच्या कुत्रीले!" मीही हसले, सुटल्यासारखी. श्रीनिवास ओशाळला नाही, चिडलाही नाही. "मॅडम, गलत नहीं है. आदमी का खून, पीप, सड़ा हुआ, सब है इसमें. ये इतना ही बोलती है. किसका है, कब का है, वो नहीं बोलती." मग टिनाच्या पाठीवर हात ठेवून, "कभी कभी मेरे को भी नहीं समझता क्या बोल रही है." हे बरं वाटलं. सगळं समजणाऱ्या माणसांचा मला वैताग आहे.

१९ सप्टेंबर

क्रमाने लिहिते.

सकाळी शेतात. कपाशी कमरेएवढी. टिना तासातासांतून, ओळीओळींनी गेली, काही नाही. मग पूर्वेच्या कोपऱ्यात, पळसाजवळचा तो पडीक तुकडा. तिथे तिने एक चक्कर मारली, जमिनीला नाक लावलं, आणि बसली.

पोलिस ठाण्याच्या एस.आय. साहेबांनी आमच्याकडे असं बघितलं, जणू आम्हीच काही पुरलंय तिथे. अख्खं शेत पेरलेलं आणि एवढाच तुकडा पडीक, हे त्यांना आधीपासूनच खुपत होतं. मी म्हटलं, तुम्ही सगळे तिकडेच बघत होता, कुत्रीनं तुमच्या तोंडाकडे बघितलं असेल. श्रीनिवास म्हणाला, बरोबर आहे, होतं असं. तिला परत गाडीत नेलं, पाणी पाजलं, सगळ्यांना बांधापलीकडे पाठ करून उभं केलं आणि उलट्या बाजूने आणलं. मी पाठ केली पण मान वळवून बघितलंच. तिथेच बसली. त्याच जागी.

उद्या खणणार.

तो कोपरा बाबांनी कधीच नांगरला नाही. "तथी दगड हाय, फाळ मोडते." मी आणि सु. लहानपणी एकदा लोखंडी सब्बल घेऊन दगड उकरायला गेलो होतो. बाबा कुठून पळत आले कोण जाणे. सु.च्या कानाखाली वाजवली. आयुष्यात तेवढीच एकदा. आणि मग स्वतःच बांधावर बसून रडले. संध्याकाळी बेल्याच्या बाजारातून आम्हाला जिलबी आणली. आम्हाला जिलबीच लक्षात राहिली.

जमीन ताजी उकरलेली दिसत नाही, असं सु. दहा वेळा म्हणाला. आईला अजून सांगितलं नाही.

२० सप्टेंबर

आईला कुणीतरी सांगितलंच. कुदळ पडायच्या आत ती शेतात पोचली, पदर खोचून, धापा टाकत. मला वाटलं आता कुत्रीला दगड मारते. टिना तिथेच बसली होती, जीभ काढून. आई तिच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "मले वाटतच होतं."

एस.आय.: "क्या बोल रही है अम्मा?"

"तथी माही पोरगी असन."

मी म्हटलं, आई, काय बोलतेस, मी इथे आहे. ती म्हणाली, "तू दुसरी व."

तरी खणावं लागलंच. तपासायला तर हवंच, म्हणाले. कुदळ बाजूला ठेवून खुरप्याने खणलं, आई म्हणाली म्हणून. फार खोल नव्हतं. एक वाळा निघाला, काळा पडलेला चांदीचा, माझी तीन बोटंही जाणार नाहीत एवढा. आणि पोलिसांबरोबर आलेल्या डॉक्टरांनी कागदात घेतलं ते. मी बघितलं. हळकुंडाच्या तुकड्यांसारखं काहीतरी. पुढे लिहवत नाही.

दुपारी टिनाला नदीवर नेलं. चप्पल सापडली तिथे ती रेंगाळली. पाण्याकडे बघितलं, कुईकुई केलं, दोनदा मागे वळली. बसली नाही. श्रीनिवास म्हणाला, पाणी जास्त आहे, वास वाहून जातो. ती बसली नाही म्हणजे तिथे नाही, असं मी म्हणणार नाही. पाणी उतरलं की बघू.

२३ सप्टेंबर

आई आज स्वतःहून बोलली. मिरच्यांचे देठ मोडता मोडता.

पहिली पोरगी. बारसं व्हायच्या आत गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. आणि बाईमाणसाला न्यायचं नाही, दाखवायचं नाही, नंतर बोलायचं नाही. बाबा एकटे घेऊन गेले, आपल्या धोतरात. परत आले ते आंघोळ करून ओसरीत बसले. कुठे ठेवली ते आईने विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

"मग तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"थे तथी नांगर घालत नव्हते ना. मी त्याच्यावरून वळखलं. पन खात्री नव्हती बाई. इतकी वर्सं मी त्या कोपऱ्याले निसती दुरून पाहत होती." मग म्हणाली, "डॉक्टरसमोर मी खोटं बोलली. थे खरं बोलून राह्यले होते." आणि मिरच्या सुपात ओढत, "कुत्रीले बी नाव हाय. माह्या पोरीले ठेवलंच नव्हतं."

मी उठून मागच्या दारी गेले आणि रडले. बहिणीसाठी की बाबांसाठी, सांगता येत नाही. दोघांसाठी रडले असं लिहिते.

२ ऑक्टोबर

आदिलाबादला परत. बँक, घर, यांचा डबा. डोकं तिकडेच.

पावसाळ्यात बाबा छत्री घेऊन उठायचे. "लहानी एकटी हाय तथी, पानी येते." मी म्हणायची, बाबा, मी इथे आहे, बघा, कोरडी आहे. ते माझ्याकडे बघायचे आणि समजूत घातल्यासारखं म्हणायचे, "हो व, तू हायेसच." मला वाटायचं मीच त्यांची समजूत घालते आहे.

त्या दिवशीही छत्री घेऊन तिच्याकडेच निघाले असतील. पण मग शेताकडे का नाही, नदीकडे का? की शेतात जाऊन, तिथे बसून, मग वाट चुकले? सु.ला फोनवर विचारलं. तो म्हणाला, ताई, नको.

छत्री अजून सापडलेली नाही. बुडाली असती तर कुठेतरी अडकली असती ना?

२८ ऑक्टोबर

तपासणी होऊन ते परत मिळालं. फार जुनं आहे, तान्हं आहे, संशय नाही, असं म्हणाले. पांढऱ्या कापडात, लाखेचं सील. एस.आय. साहेब स्वतः उभे राहिले, टोपी काढून. तसा माणूस बरा आहे.

आज परत ठेवलं, तिथेच. सु. आला होता. आई या वेळी आली, आणि कुणाची टाप नव्हती तिला नको म्हणायची. निघताना तिने देव्हाऱ्यावरच्या फळीवरून लाकडी पोपट काढला. निर्मलचा. बाबा ट्रेनिंगला निर्मलला गेले तेव्हा दोन आणले होते, सु.चा जन्मही नव्हता तेव्हा. एक मला दिला, त्याची चोच मी पहिल्याच महिन्यात चावून टाकली. दुसरा वर. "तो कोणाचा?" विचारलं की बाबा म्हणायचे, "असू दे." किती हट्ट केला होता मी त्याच्यासाठी. त्याची चोच अजून लालभडक आहे.

तो तिच्याजवळ ठेवला. माती मी आणि सु.ने लोटली. हेवा वाटला थोडा, खरं सांगते. या वयात. मग हसू आलं. बाबा असते तर सांगितलं असतं त्यांना.

परत येताना आई कपाशीच्या तासातून पुढे चालत होती, मोकळी. मी तिला इतकं मोकळं कधी पाहिलं नव्हतं.

९ नोव्हेंबर

शनिवार-रविवार जोडून गावी. कापूस फुटलाय, वेचणी चालू. पैनगंगा उतरली, मधले खडक दिसायला लागले. घाटाखालचा डोह सोडला तर गुडघाभर पाणी.

काल श्रीनिवासचा फोन होता. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या कामाला इकडेच येतो आहे, टिनाला नदीवर फिरवायचं का? आज संध्याकाळपर्यंत सांगायचंय.

मला वाटलं आई भांडी आपटेल. ती भाकरी थापत होती. हात थांबला नाही. "बलाव. तिनं पोरगी दाखवली, त्याईले बी दाखवन."

"आई, ती चुकते पण. गोठ्यात काय झालं?"

"चुकली नाई व. थे बी त्याईचंच होतं." मग भाकरी उलटत म्हणाली, "तिच्यासाठी एक जास्तीची करतो म्हना. लय वळनाची कुत्री हाय." श्रीनिवास बाहेरचं काही खाऊ देत नाही तिला, हे सांगितलं नाही.

कुंकू आहे कपाळावर. नेहमीएवढंच.

मी ओसरीत बसले आहे, फोन हातात. नंबर काढून ठेवलाय. सप्टेंबरात मीच म्हणत होते ना, जे असेल ते कळू दे? तेव्हा कळत नव्हतं मी काय मागते आहे. ती कुत्री चुकते असं मला अजून वाटत असतं, तर सकाळीच फोन केला असता.

तेवढ्यात आईने आतून विचारलं, "लागला का व फोन?"

म्हटलं, रेंज नाही.