चेहरा हीच पावती

३ नोव्हेंबर, सोम.
दुकान साडेनऊला उघडले. पासपोर्टचे चार फोटो, दुपारी एक लग्नाळू मुलगी. पाकिटावर नाव-नंबर घालायचा नाही, हा आपला चौतीस वर्षांचा शिरस्ता. पावती मागणाऱ्याला एकच उत्तर, तुमचा चेहरा हीच पावती. संध्याकाळी एक गिऱ्हाईक समोर उभे. मी पाकिटातले फोटो बघतो, त्यांच्याकडे बघतो, पुन्हा फोटो. नाक दिसते, मिशी दिसते, माणूस जुळत नाही. शेवटी त्यांनीच आपले पाकीट उचलले. "चष्म्याचा नंबर वाढला वाटतं, काका." हो म्हणालो. चष्मा दिवाळीआधीच नवा केलाय.

६ नोव्हें., गुरु.
युक्ती सापडली. दुकानाच्या पायरीवर खंड्या पडलेला असतो, गल्लीतला कुत्रा. नेहमीचे कोणी आले की शेपटी हलवतो, नवखे आले की गुरगुरतो. शेपटी हलली की मी म्हणायचे, या या, बऱ्याच दिवसांनी. पुढचे आवाजावरून काढतो. अख्खी कसबा पेठ तोंडपाठ असलेला मी, आता कुत्र्याच्या शेपटीवर धंदा करतोय. याच खंड्याला दोनदा काठीने हाकलले होते. लाज वाटली. घरी बायकोला, सु.ला, काही बोललो नाही.

११, मंगळ.
व्हायचे ते झालेच. गेलेल्या माणसांच्या तीन फ्रेमा कागदात गुंडाळून तयार होत्या, अर्थात नाव न घालता. मुलगा न्यायला आला की कोणता बाप कोणाचा ते मला न विचारता कळायचे, कपाळ नाहीतर जिवणी बापाची असतेच. काल एक मुलगा आला, अंदाजाने दिली. त्याने घाईत कागद सोडला नाही. आज दुपारी परत आला, फ्रेमला हार तसाच. तेराव्याला चौरंगावर ठेवली तेव्हा त्याच्या आईने पाहिले म्हणे.
"काका, हे माझे वडील नाहीत."
एवढेच बोलला, शांतपणे. शिव्या घातल्या असत्या तर बरे वाटले असते. उरलेल्या दोन समोर ठेवून यातले तुमचे कोणते, हे मलाच त्याला विचारावे लागले.

१२, बुध.
दुकान बंद ठेवले. सु.ला निम्मे सांगितले. तिने सरळ विचारले, मी दिसते ना तुम्हाला? दिसतेस म्हणालो. खोटे नाही. दिसते, पण ओळख पटते ती बोलल्यावर.

१६, रवि.
कर्वेनगरहून लेक आली. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. उगाच विचारल्यासारखे विचारले, जनावरांना माणसांचे चेहरे कळतात का गं? म्हणाली, कावळा तर एकदा पाहिलेले तोंड वर्षानुवर्षे विसरत नाही. मेंढ्यासुद्धा एकमेकींना तोंडावरून ओळखतात. माणूस यात सगळ्यांच्या वरचढ, पण मेंदूतली तेवढीच जागा बिघडली तर डोळे धड असूनही... इथे थांबली. "बाबा, तुम्ही हे का विचारताय?" मी चहाचे सांगायला आत गेलो.

१८, मंगळ.
सु. रोज सकाळी गॅलरीत कावळ्याला पोळी घालते, तिच्या हातून घेतो. आज ती अंघोळीला गेल्यावर तिची शाल पांघरून मी उभा राहिलो. कठड्यावर बसला, मान वाकडी करून माझे तोंड पाहिले, उडाला. शालीला फसला नाही.
मी फसलो. दुपारी जिन्यात तीच शाल दिसली, म्हणालो, इतका वेळ कुठे होतीस? शेजारच्या कुलकर्णीवहिनी होत्या. बँकेत जायला सु.नेच शाल दिली होती. सु. मागे दारात उभी, सगळे पाहत होती. जेवताना रडली.
"अहो, म्हणजे मी गप्प बसले, तर मी कोण ते तुम्हाला कळणारच नाही?"
 ताटात तसेच पाणी सोडून उठलो.

२०, गुरु.
घरात दोघेही कमी बोलतो. ती बहुधा परीक्षा बघते आहे. पाणी आणून ठेवते, बोलत नाही. घरात दुसरे कोण असणार, म्हणून पास होतो.

२५, मंगळ.
दवाखान्यात. मेंदूचे डॉक्टर. केसपेपरच्या पाठीवर लिहितोय, घरी गेल्यावर डकवीन. आत रक्त देऊन आलो तर बाकावर पाच बायका. बरोबर आलेल्या सु.ची हिरवी साडी एवढे ध्यानात ठेवून निघालो होतो. हिरव्या साड्या दोन, वयही तेच. हाक मारली असती की काम भागले असते. मारवली नाही. दोघींपैकी कोणी 'अहो' म्हणाले नाही.  एकीच्या डोळ्यांत पाणी होते, तिच्या शेजारी जाऊन बसलो.
दहा मिनिटे होतील. अजून बोललेली नाही. मी बसायला लागलो तेव्हा पिशवी उचलून मांडीवर घेतली, जागा करून दिली. तेवढी जागा बायका परक्या म्हाताऱ्यालाही देतात.