दोन रबरबँडची बरणी

दादा,

फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात क्रीम फेटून, मध घालून ठेवलंय. मालकांच्या पाहुण्यांना फळांबरोबर हेच ने, हॉटेलात नव्याने करत बसू नकोस. दालचिनी मात्र तूच घाल, शेवटचा हात स्वयंपाक्याचाच हवा. तिच्या बरणीला दोन रबरबँड लावलेत. जिरेपुडीच्या बरणीला एकही नाही. दोन्ही सारख्याच दिसतात, माझाच गोंधळ होतो.

खरं सांगू? काल तू दिलेला क्रीमचा डबा ऑफिसात मी कुणाला उघडू दिला नाही. बसस्टॉपवर उभं राहून सफरचंदाच्या फोडींबरोबर एकटीने संपवला. जिरं होतं रे त्यात! तू बोट चाटून 'फक्कड' म्हणालास, तेव्हाच मी ओळखलं. तापातून उठल्यापासून दूध करपलं तरी तुला वास येत नाही, हे मला कळत नाही असं समजू नकोस. कुणाला बोलले नाहीये, बोलणारही नाही.

उद्या पाच वाजता नाकाच्या डॉक्टरांकडे जायचंय. नाव माझं दिलंय. माझ्या सोबतीला म्हणून चल आणि आत गेल्यावर खुर्चीत तू बस.

शेंडेफळ