आईच्या टोपाझची अंघोळ

४ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

आईने जाताना तिची टोपाझची अंगठी तुझ्यासाठी ठेवली, हे मामाने परवा सांगितलं. छान झालं असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. खरं म्हणजे माझ्या पोटात दुखतंय. दर रविवारी तिच्याजवळ बसून तो खडा धुतला मी, आणि मिरवणार तू.

पण फार नाचू नकोस. ती नुसती पिवळी काच आहे. तुमच्या चष्म्याच्या दुकानात तसल्या काचा रोज केरात जातात.

कळावे, लोभ आहे तेवढा आहे.

तुझी ताई

९ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू काच म्हणालीस, म्हणून मी काचेसारखंच वागवलं. पाणी थरथरवून चष्मे धुणारं यंत्र आहे ना दुकानात, त्यात अंगठी टाकली. काढली तर खड्याच्या आत चीर.

शेजारच्या जवाहिऱ्याकडे धावले. त्याने खडा सोडवून भिंगाखाली पाहिला, मग माझ्या एका तळहातावर तो आणि दुसऱ्यावर तेवढीच काच ठेवली. खडा जड लागला, गारही. अस्सल टोपाझ आहे म्हणाला. त्यावर ओरखडा सहज उठत नाही, पण हादरा बसला की सरळ चिरतो, यंत्रात कुणी घालतं का, असंही म्हणाला. दर रविवारी धुणारीला हे ठाऊक नव्हतं, असं मला सांगू नकोस.

आता माझंही पोट दुखतं ते ऐक. तू आणि आई एका वाडग्यात हात घालून बसायचात. मी वसतिगृहातून सुट्टीला आले की दारातून बघत राहायचे. मला कुणी सरकून जागा दिली नाही. अंगठी हवी तर घेऊन जा. त्यातला एक रविवार मला दे.

राग उतरेपर्यंत लोभाचं काही लिहीत नाही.

धाकटी

१३ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

खोटं बोलले. जळत होते म्हणून बोलले.

रविवारी येते. तोवर खडा मऊ कापडात वेगळा गुंडाळून ठेव, गरम पाण्याजवळ नेऊ नकोस. कोमट पाणी, थोडा साबण आणि मऊ ब्रश, एवढंच त्याला चालतं. आईचा ब्रश माझ्याकडे आहे. वाडगा तू काढ, चार हात मावतील असा.

अंगठी तुझ्याच बोटात राहू दे. लिहिताना जिवावर येतंय, पण राहू दे. धुवायचंही तूच. मी शेजारी बसून चुका काढीन, आई माझ्या काढायची तशा.

चीर काही जाणार नाही, लोभ तरी राहू दे.

तुझी, अजून थोडी जळणारी,
ताई