नऊ मिनिटांचं ऊन

२ मार्च
आजपासून अंदाजानं काम बंद. मी या घरातली पहिली ग्रॅज्युएट, तीही बी.एस्सी. पुण्याच्या फोटोग्राफी कोर्सला हातानं छापलेला एक मोठा फोटो पाठवायचाय. अप्पा म्हणाले, त्यांनी घेतलं तर जा, न्हाय तर गुमान बी.एड. मी म्हटलं, चालेल. बी.एड.चा प्रश्नच येत नाही.
फोटो आईचा. आधार कार्ड सोडलं तर तिचा एकही फोटो नाही.

५ मार्च
स्टेप वेज आली! बोटभर फिल्मची पट्टी. एका टोकाला पारदर्शक, मग पायरीपायरीनं काळी. उन्हानं रंग धरणारा मसाला लावलेल्या कागदावर ठेवून उन्हात धरायची, कागद धुवायचा. किती पायऱ्या निळ्या उमटल्या त्यावरून कळतं, फोटोला ऊन किती द्यायचं. वीरप्पामामा म्हणाले, म्हंजी भाकरीआधी बारकी चानकी भाजून बघायची. तसं नाही, हे सायन्स आहे, असं त्यांना समजावलं.

९ मार्च
गच्चीभर आईच्या कुरडया. मला एक कोपरा. कागद दाबायला देवाच्या फोटोची काच काढून घेतली (अप्पांना सांगितलेलं नाही). पट्टी फिकी आली. ढग होते. चूक ढगांची.

१२ मार्च
उत्तर मिळालं: नऊ मिनिटं. तरी खात्रीसाठी परत छापली. मग परत.

१४ मार्च
मसाला एका मोठ्या कागदापुरताच उरलाय. हरकत नाही, एकच लागणार.
आईची निगेटिव्ह फिल्मवर मोठी करून आणलीय, तिला देवाची काच पुरत नाही. मामांच्या अंगणात त्यांच्या जीपची समोरची जुनी काच पडली होती. सपाट, जाड, दोन थरांची. मामा म्हणाले, ने की, लई भारी काच हाय. हिच्यामागं बसून जन्म गेला, तरी तोंड बघ माझं, आन् खिडकीतला ह्यो उजवा हात बघ. तोंड उजळ, हात कोळशासारखा. मामा विषय सोडून फार बोलतात.

१५ मार्च
कागदाच्या कडेला पट्टी ठेवावी का? नको. फोटो बिघडेल. एकदा सिद्ध झालेलं पुन्हा काय सिद्ध करायचं? झोप नाही. उद्या छापलं तरच वाळून पुण्याला वेळेत पोचेल.

१६ मार्च, दुपारी
आभाळ स्वच्छ. कागदावर आईची निगेटिव्ह, वर जीपची काच. आई इरकल नेसून शेजारी उभी. सारखं विचारत होती, उमटले का गं मी? कागदाचा रंग बदलताना दिसेना. एरवी लगेच काळपट होतो. काच उचलून बघावी वाटलं. पण डोळ्यांवर भरवसा म्हणजे पुन्हा अंदाज. नऊ मिनिटं झाली, काच उचलली. आता धुवायला जाते.

१६ मार्च, संध्याकाळी
पांढरा. नाक नाही, कुंकू नाही, काठ नाही.
मामा आले, कागद पाहिला, काच पाहिली. मग उजवा हात पुढं केला, डाव्यानं स्वतःचं तोंड दाखवलं. मसाल्याला लागणारं ऊन त्या काचेनंच अडवलं होतं.
आईनं कागद दोरीवर वाळत घातला. म्हणाली, एक डाग ठेवला न्हाईस बघ. आपल्या घरात एवढं पांढरं कुणी धुतलं न्हाय.

१८ मार्च
कुरिअरवाला येऊन गेला. द्यायला काही नव्हतं.
अप्पांनी बी.एड.चं विचारून ठेवलंय. फोटो लागतो म्हणे. मी लोहाऱ्याला जाऊन स्टुडिओत काढून आले. आईपण आली होती, तिनंही काढून घेतला.
पाच मिनिटांत हातात. चांगला आलाय.