लाल खुर्ची

मंगळवार, संध्याकाळचे सात

जिल्ह्यात दारूबंदी. म्हणून अपराधशास्त्राच्या प्रकल्पाला मी विषय घेतला, चोरून मोहाची दारू गाळणाऱ्या बायका. वाटलं, सोपं आहे. आपल्याच गल्लीत सुमनमावशी आहे. आई कापूस वेचायला जायची तेव्हा मी तिच्याच चुलीपाशी वाढले.

आज फॉर्म घेऊन गेले. मला बघून तिने आतून लाल प्लॅस्टिकची खुर्ची आणली, पदराने पुसली. त्या घरात मी कधी खुर्चीवर बसले नव्हते. तरी बसले. का बसले? वर विद्यापीठातल्या भाषेत विचारलं, "आपण या व्यवसायात केव्हापासून आहात?"

मावशी उभीच होती. म्हणाली, "आता सोडलं मॅडम. पोरीच्या लग्नापासून बंद हाय."

परसातून मोहाचा वास येत होता. दोघींनाही येत होता. मी लिहिलं, 'व्यवसाय बंद.'

निघताना राहवलं नाही. "मावशी, मले मॅडम काऊन म्हणून राह्यली?"

"तू लिहून राह्यली होती न. मंग काय म्हणू?"

पूर्वी गरम भाकरीचा पापुद्रा काढून, तेल-मीठ लावून हातावर ठेवायची. "घे वं माय, खाय," म्हणायची. ते 'माय' ऐकायलाच गेले होते बहुतेक. सोळा प्रश्न विचारले आणि तिचे गुडघे कसे आहेत ते विचारलंच नाही.

उद्या फॉर्म न घेता जाईन, सरळ चुलीपाशी बसेन. पण तिने परत ती खुर्ची आणली तर?