कडेचा हात

धुळे, रविवार

तीर्थस्वरूप सुपडू नाना यांना, गुडघा दुखत असूनही वाकून नमस्कार. तुमचा खोकला आणि वहिनींची शुगर कशी आहे ते कळवा. (केळीच्या भावाचं पेपरात येतं. तुमच्या या भावाचं येत नाही, म्हणून लिहितो.)

जावयानं मला व्हॉट्सॲपवर जुन्या फोक्सवॅगन गाड्यांच्या ग्रुपात घातलं. हसू नका, घरात पुरेसं हसून झालंय. ग्रुपात फर्मान होतं, जुनी बस दिसली की फोटो टाका. मी आपला आठ दिवस धुळे स्टँडवर उभा. साक्री, शिरपूर, दोंडाईचा, दिसेल ती खटारा एसटी टाकली. शेवटी ग्रुप चालवणाऱ्या अखिलचा फोन आला (जळगावला कापडाचं दुकान आहे, फार अदबीचा माणूस). म्हणाला, "काका, बस म्हणजे ती व्हॅन हो, गोल तोंडाची!" आणि चित्र पाठवलं. बघतो तर काय, ही तर आपल्या नशिराबादच्या दारात उभी होती!

आठवतं ना? हायवेवर त्या परदेशी गोऱ्यांची गाडी बंद पडली आणि गावानं ढकलत आपल्याकडे आणली. आबा बादली घेऊन अर्धा तास पाणी ओतायची जागा शोधत होते. पुढे इंजिनच नाही! ते निघालं मागे, आणि त्याला पाणी लागतच नाही म्हणे. आबांनी चिडून ती बादली गोऱ्यांना पाय धुवायला दिली. आईनं भरीत-भाकरी वाढली, आणि माहेरच्या अहिराणीत दटावून बठ्ठं, अगदी सगळंच्या सगळं, संपवायला लावलं. त्यांच्या डोळ्यांत तिखटानं पाणी आणि आई हसून बेजार. तेव्हा त्यांनी काढलेला फोटो वर्षभरानं टपालानं आला.

तोच मी तुमच्या सूनबाईकडे मागितला. रूपाली गुणी मुलगी. मी "गाडीचा फोटो" म्हटलं, तर तिनं मोबाइलवर नेमकी गाडी कापून पाठवली. अख्खी गाडी, आणि कडेला कोपरापर्यंत एक हात, हिरव्या बांगड्यांचा. ग्रुपात नुसता जल्लोष! मग एकानं विचारलं, "कडेचा हात पुसता येईल का?" अहो, आईचा हात तो! मी त्याला नाही नाही ते बोललो आणि ग्रुप सोडला. अखिलची माफी मागायची राहिली आहे.

तुमचा,
झुलाल

ता.क. फोनच केला असता, पण माझ्या आवाजावरून तुम्हाला सगळं कळतं. आई गेल्यावर सामान आवरताना तुम्ही हा फोटो माझ्यापुढे धरला होता. मी ताठ्यात म्हणालो, तुम्हीच ठेवा, मला काय करायचाय. सहा वर्षं झाली, तो शब्द मागे घ्यायची लाज वाटते. गाडीचं निमित्त सापडलं तेव्हा बरं वाटलं होतं.

दुसरा ता.क. गाड्यांमधलं मला अजूनही काही कळत नाही. रूपालीला सांगा, बठ्ठा फोटो पाठव. गाडी नाही आली तरी चालेल.