मला मॅनेजर करून गेलात

कोच, तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून आज मोकळेपणी लिहितोय. समोर असतात तर हिंदी-इंग्रजीची खिचडी करावी लागली असती आणि त्या भानगडीत बोलायचं ते राहूनच गेलं असतं. परवा आपल्या फुटबॉल टीममधल्या एका माणसाला मी कायमचं बाहेर बसवलं. तेव्हापासून तुमची फार आठवण येतेय.

ते मंदीचं वर्ष. दुबईत जबल अलीच्या लेबर कॅम्पमध्ये आम्ही नुसते बसून. साइट बंद, ओव्हरटाइम बंद, मी चालवायचो ती क्रेन उभी ती उभीच. तुमची तरी काय वेगळी गत? तिकडे जपानात क्लबचे डिफेंडर, गुडघा गेल्यावर त्याच क्लबच्या पोरांचे मॅनेजर, मग इथल्या क्लबवाल्यांनी मानाने बोलावून आणलं आणि पैसा आटल्यावर ‘थँक यू’ म्हणून मोकळे झाले. मुलीची शाळा संपेपर्यंत तुम्हाला इथं दिवस काढायचे होते. गोदामामागच्या वाळूत आम्ही बॉल लाथाडत होतो, तुम्ही गाडी थांबवून बघत राहिलात. मग बूट काढून आत आलात आणि पहिलं वाक्य काय, तर अरबी-हिंदीत “यल्ला, सब गलत. फिर से.” म्हटलं, कोण हा दीडशहाणा! पण महिनाभरात आम्ही शुक्रवारच्या सुट्टीची वाट बघायला लागलो. खोलीतला कोण ना कोण बॅग भरत असायचा, उद्या माझा नंबर की काय या धास्तीने जेवण जात नसे. मैदानावर मात्र मी डावा बॅक होतो, आणि ती जागा माझी होती. खरं सांगतो, त्या जागेवरच मी तग धरून होतो.

मी मूळचा कबड्डीचा, रत्नागिरीकडचा, डाव्या कोपऱ्यावर खेळलेला. हे तुम्हाला सेमीफायनलला कळलं. कॅम्प-कॅम्पची ती स्पर्धा, शेवटची मिनिटं, आपण एका गोलने पुढे. त्यांचा फॉरवर्ड माझ्या बाजूने सुसाट निघतो आणि माझे हात मला न विचारता त्याचा घोटा धरतात. नुसता धरत नाहीत, ओढून आडवा पाडतात. बाहेर बसलेले कोकणातले आपले सगळे एका सुरात ओरडतात, “आऊट!” टाळ्या काय, शिट्ट्या काय! रेफरी लाल कार्ड काढतोय आणि मी आपला पॉइंट मिळाल्यासारखा हात वर करून उभा. पेनल्टीवर बरोबरी झाली, मग टायब्रेकरमध्ये मॅचही गेली. तुम्ही हसू दाबायला टोपी तोंडावर ओढलीत, मी पाहिलं होतं.

संध्याकाळी कॅम्पच्या किचनमध्ये मी बांगडे तळत होतो. तुम्ही येऊन उलट्या बादलीवर बसलात. “तुम्हारा पैर लेट,” तुम्ही म्हणालात, “आँख फर्स्ट. वो लड़का किधर जाएगा, तुमको पहले मालूम था.”

“तो?”

“तो तुम्हारा खेलना खलास. नेक्स्ट मंथ मैं जपान. टीम तुम देखो.”

तळपायाची आग मस्तकात गेली. “एक कार्ड मिला तो निकाल दिया, कोच? कंपनी जैसा?”

हे तुम्हाला लागलं. ताटातला एक बांगडा उचलून तुम्ही काट्यापर्यंत साफ केलात. मग सांगितलंत, की तुमच्या मॅनेजरनेही तुम्हाला असंच एका मॅचनंतर थांबवलं होतं, अजून दोन सीझन निघतील असं तुम्हाला वाटत असताना. तोच पुढे तुमचा गुरू झाला. मी विचारलं, “माफ किया उसको?”

“नो,” म्हणालात, आणि दुसरा बांगडा उचललात. जाताना तुमची शिट्टी गॅसशेजारी ठेवलीत. मी ती रात्रभर तिथंच पडू दिली. एवढा राग आला होता.

आणि तुमचं बरोबर निघालं, काय सांगू! मी चांगला मॅनेजर आहे, उगाच कशाला लाजायचं? कोण कधी दमेल, कोण रागाच्या भरात चुकेल, मला आधी दिसतं. माझी नोकरी टिकली, बायको-मुलगी आल्या, आम्ही कॅम्प सोडून अल नहदाच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो, पण टीम सोडली नाही. मॅच बघायला आली की मुलगी म्हणते, “बाबा, यू नेव्हर ईव्हन स्माइल!” तिला म्हटलं, जपानी ट्रेनिंग आहे. तिकडे जपानात तुम्ही वारल्याचं आपल्या गोलकीपरने फोनवर कळवलं, त्यालाही आता खूप वर्षं झाली. त्या संध्याकाळी मी प्रॅक्टिस रद्द केली नाही. तुम्ही ओरडला असतात.

परवाचा माणूस साताऱ्याचा, वेल्डर. गुडघा संपलाय, पण पठ्ठ्या लपवतोय. मी त्याला बाजूला घेऊन सरळ सांगितलं. शिव्या देईल असं वाटलं होतं. तो खालीच बसला. म्हणाला, “भाऊ, मग सुट्टीच्या दिवशी मी करू काय?”

त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं, “अरे, दोन-चार महिने जड जातात. मग सवय होते.” त्याला ते पटलं. तोंड पुसून तो उठला आणि पोरांचे बॉल गोळा करायला लागला.

कोच, मला ती सवय अजून झालेली नाही.